दिनूस, फायबरची शीट कापण्याआधी

कोल्हापूर, रविवार

प्रिय दिनू,

तुझी मापं मिळाली. मोरीच्या तीन भिंती, दोन मि.मी. जाडीच्या 8 बाय 4 फुटी तीन शीट, एकीला नळांची दोन भोकं, दुसरीला गीझरच्या पॉइंटचा चौकोन, आणि तिसरीला उतरत्या छपरामुळे वरचा तिरका काप. सुताराकडून कापून घेऊ की स्वतः कापू, असं विचारतोस. स्वतःच काप. सुताराच्या मशीनला लाकूड कापायचं दातेरी पान असतं, आणि फायबरची शीट म्हणजे रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट झालेल्या प्लास्टिकसारख्या चिकात, बसवलेले काचेचे धागे. साध्या पोलादाची धार काच थोड्याच वेळात खाऊन टाकते. मग बोथट दात कापायचं सोडून ओढायला लागतात आणि जेलकोटचे, म्हणजे वरच्या गुळगुळीत रंगीत थराचे, टवके उडतात.

पण पान बदललं की काम झालं असंही समजू नकोस. पातळ शीट बिघडते ती मुख्यतः थरथरण्याने. दोन मि.मी.ची शीट अधांतरी धरून कापलीस तर उत्तम पानही तिला वर-खाली हापटत राहतं. प्रत्येक हापटीला जेलकोटला बारीक तडा जातो आणि खालचे धागे सुटतात. म्हणून अर्धी मेहनत शीट बसवण्यात घाल. जुन्या प्लायचा शीटएवढा तुकडा जमिनीवर किंवा भक्कम टेबलावर ठेव, त्यावर शीट, आणि कापाच्या रेषेलगत वरून दुसरी सरळ पट्टी. ॲल्युमिनियमची चौकोनी नळी मिळाली तर सर्वांत बरी. दर दीड फुटाला एक क्लॅम्प. पान शीट पार करून प्लायमध्ये तीन-चार मि.मी. उतरू दे, प्लाय त्याच कामासाठी आहे. कापून पडणाऱ्या तुकड्यालाही खालून तेवढाच आधार हवा. नाहीतर शेवटच्या चार-पाच इंचात तो स्वतःच्या वजनाने लटकतो आणि तिथली शीट कापली न जाता फाटते. सगळा काप सरळ आणि शेवटी कोपऱ्यावर दाढी फुटलेली दिसली, की कारण हेच असतं.

शीट दुकानातून गुंडाळून आणली असशील तर आधी दिवसभर सपाट पसरून वर वजन ठेव. बाक राहिलेली शीट क्लॅम्प सोडल्यावर परत फिरते आणि माप दोन-तीन मि.मी.ने खोटं पडतं.

आता कोणती बाजू वर? नियम एकच: पान ज्या बाजूने शीटमध्ये शिरतं ती बाजू स्वच्छ राहते, ज्या बाजूने बाहेर पडतं ती कुरतडली जाते. हाताच्या हॅकसॉचे, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचे, दात पुढे ढकलताना कापतात, म्हणजे ते वरून शिरतात; तेव्हा चकाकती बाजू वर. जिगसॉचं, म्हणजे उभं पान वर-खाली हलवणाऱ्या मशीनचं, नेहमीचं पान वर येताना कापतं, तेव्हा चकाकती बाजू खाली. ग्राइंडर किंवा मार्बल कटरला चकतीवरचा बाण बघ आणि रद्दी तुकड्यावर एक काप घेऊन दोन्ही बाजू तपास, डोक्यात गणित करत बसू नकोस.

इथे एक ठरलेली फसगत आहे. चकाकती बाजू खाली घातलीस की आखणी मागच्या बाजूवर येते आणि सगळं उलटं होतं. भिंतीवर डावीकडे असलेलं नळाचं भोक शीटच्या पाठीवर उजवीकडे आखायचं असतं. तिरक्या कापाचंही तसंच. प्रत्येक शीटच्या पाठीवर मार्करने 'पाठ', 'वर' आणि भिंतीचं नाव लिही, मगच फुटपट्टी हातात घे.

आखणी थेट शीटवर न करता मास्किंग टेपवर कर. इंचभर रुंदीची टेप रेषेवर दोन्ही बाजूंनी, म्हणजे वर आणि खाली, घट्ट दाबून लाव. पेन्सिलची रेघ तिच्यावर स्पष्ट उमटते, आणि टेप जेलकोटला धरून ठेवते. मग कटरने पट्टीला धरून चकाकत्या बाजूवर तीन-चार वेळा चीर पाड, जेलकोट पुरता कापला जाईपर्यंत. एवढं केलंस की टवका चिरेपाशी थांबतो, पुढे सरकत नाही. काचेसारखी चीर पाडून शीट मोडायचा मोह मात्र नको. काच मोडते, इथे धागे मोडत नाहीत, लोंबत राहतात.

सरळ लांब कापांसाठी चार इंची ग्राइंडर किंवा मार्बल कटर, आणि त्याला टाइल्सची सलग कडेची डायमंड चकती. खाचा असलेली घेऊ नकोस, तिच्या खाचा पातळ शीटच्या कडेला आदळतात. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवी. गार्ड काढायचा नाही, आणि ग्राइंडरला दातेरी लाकडाचं पान कुणी कितीही सांगितलं तरी लावायचं नाही. अडकलं की मशीन हातातून उसळतं. चकती दोनेक मि.मी. साहित्य खाते, तेव्हा रेषेच्या बाहेरच्या अंगाने चालव. मार्बल कटरच्या बैठकीची कड ते चकती हे अंतर रद्दी तुकड्यावर एकदा काप घेऊन मोज, आणि पट्टी रेषेपासून बरोबर तेवढी लांब क्लॅम्प कर. मग डोळा रेषेवर नाही, पट्टीवर ठेवायचा.

वेगाबद्दल: एका जागी थांबलास की कड तपकिरी होते आणि रेझिनचा उग्र वास येतो. पॉलिएस्टर रेझिन उष्णतेने मऊ पडतं आणि चकतीला चिकटतं. फार रेटलंस तर टवके. मशीनचा आवाज एकसारखा राहील इतपत सरकव, तो खाली बसला की हात ढिला कर. पाणी सोडून कापलं की धूळ बसते हे खरं, पण साध्या ग्राइंडरवर पाणी म्हणजे शॉकला आमंत्रण. पाणी हवंच असेल तर हाताच्या हॅकसॉने कापताना वापर. इंचाला 32 दातांचं पान लाव आणि दोन-तीन पानं जास्तीची आण. तुझा तिरका काप पाच फुटांच्या आत आहे, तो हॅकसॉने होईल. करवत मात्र उभी न धरता शीटशी अगदी निजवून चालव, म्हणजे एकाच वेळी जास्त दात शीटमध्ये राहतात. फ्रेम आड आली तर नुसतं पान एका टोकाला कापड गुंडाळून धर. पत्रा कापायच्या कात्रीनेही ही शीट कापता येते, पण कडेला दोन-तीन मि.मी. पांढरी पट्टी पडते. ती पट्टी म्हणजे आत फुटलेलं रेझिन. ज्या कडा कोपऱ्यात झाकल्या जातील तिथेच कात्री, तीही रेषेच्या तीन मि.मी. बाहेरून, आणि उरलेलं घासून काढायचं.

गीझरच्या चौकोनाला आधी चारही कोपऱ्यांत आतून 8 मि.मी.ची भोकं पाड. टोकदार कोपरा ठेवलास तर तिथूनच पुढे तडा जातो, गोल कोपरा ताण सहन करतो. मग भोक ते भोक जिगसॉ. कार्बाइड ग्रिटचं, म्हणजे दातांऐवजी कठीण कण बसवलेलं, पान मिळालं तर उत्तम, नाहीतर धातू कापायचं, इंचाला 24 दातांचं. जिगसॉचा पेंड्युलम, म्हणजे पानाचा पुढे-मागे झोका, शून्यावर, वेग मध्यम, आणि बैठकीखाली टेप, नाहीतर ती शीटवर चरे ओढते. नळाला अर्धा इंची पाइप असेल तर 25 मि.मी.चं टाइल्सचं होल सॉ घे; नळाची चकती कड झाकते. डायमंड होल सॉला मधला ड्रिल नसतो आणि सुरुवातीला ते घसरतं. प्लायच्या तुकड्यात तेवढंच भोक पाडून तो तुकडा शीटवर दाबून धरला की घसरत नाही. स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा दोन मि.मी. मोठी आणि कडेपासून निदान इंचभर आत.

मापात एक वजावट धर. आठ फुटांची शीट तीसेक अंशांच्या फरकाने सुमारे दोन मि.मी. वाढते. कोपऱ्याला आणि जोडाला तीन मि.मी. फट सोड, ती न्यूट्रल सिलिकॉनने भर. भिंतीला घट्ट ठोकून बसवलेली शीट उन्हाळ्यात फुगते आणि मग 'शीट खराब निघाली' म्हणून दुकानदाराशी वाद होतो.

कापल्यावर टेप कापाकडे ओढत काढ, उलट ओढलीस तर सैल झालेला जेलकोट बरोबर येतो. कड 120 च्या आणि मग 220 च्या वॉटर पेपरने ओली घास, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, हात जेलकोटकडून पाठीकडे. नीट घासलेल्या कडेवर बोट फिरवलं तर कुठेच अडकत नाही, आणि उजेडात धरलीस तर रंगाची बारीक रेघ, तिच्याखाली हिरवट पारदर्शक थर दिसतो. पांढरे ठिपके दिसले तर अजून फुटलेलं रेझिन बाकी आहे.

आणि कड बंद केल्याशिवाय बसवू नकोस, विशेषतः तुझ्या चिपळूणच्या पावसात. उघड्या धाग्यांवाटे पाणी आत चढतं. पॉलिएस्टर रेझिन घेतलंस तर प्रमाण डब्यावरचं पाळ. सामान्यतः 40 ग्रॅम रेझिनला हार्डनर अर्धा मि.ली., सिरिंजने मोजून. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात तो द्राव, वेगळा दिला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळ, नंतरच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. एका वेळी 40 ग्रॅमच कालव, उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं. हवेला उघडं राहिलेलं पॉलिएस्टर वरून चिकट राहतं, म्हणून लावल्यावर कडेवर सेलोटेप ओढून ठेव आणि दुसऱ्या दिवशी काढ. ही कटकट नको असेल तर इपॉक्सी लाव; महाग आहे, पण एवढ्याशा कामाला मी तेच घेईन.

धुळीचं मनावर घे. रुमाल बांधून भागत नाही. एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क, बाजूने बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा अंगाला बसणारा सदरा आणि मनगटावर टेप. काचेचा धागा ॲस्बेस्टॉससारखा उभा चिरून सूक्ष्म होत जात नाही, आडवा तुटतो, एवढा दिलासा आहे. पण ते तुकडे कातडीत टोचून खाज सुटते आणि बारीक पूड घशात जाते. खाज सुटली तर चोळू नकोस, आधी थंड पाण्याने धू आणि मग चिकटपट्टी लावून उचकट. कपडे घरच्या धुण्यात टाकू नकोस. झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घे, घरातला साधा व्हॅक्यूम बारीक पूड मागून परत हवेत सोडतो. गच्चीवर कापणार असशील तर शेजारच्या काकूंचे पापड-कुरडया आधी आत जाऊ देत.

तीन शीटला सवडीने दोन दिवस धर, पहिला आखणी आणि कापायला, दुसरा कडांना. वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. उरलेला हार्डनर उन्हात किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नकोस, आणि पोरांच्या हाताला लागेल अशा जागी तर नाहीच. रिकाम्या डब्यात घट्ट झालेलं रेझिन लगेच कचऱ्यात टाकू नकोस, ते बराच वेळ गरम असतं; पूर्ण गार झाल्यावर टाक.