लिनक्सच्या पुस्तकांइतकेच त्यांच्या समासांबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनकट्ट्यासाठी तुम्ही दिलेली लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या त्या खुल्या प्रणालीची, पुस्तकं कपाटात लागली. त्यांबद्दल मनापासून आभार. पण हे पत्र खरं तर त्यांच्या समासांत तुम्ही पेन्सिलीनं केलेल्या नोंदींसाठी आहे. उघड पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की जुन्या पुस्तकांवरून ही प्रणाली शिकणारे बडोद्यात काय, इंदुरात काय, पुष्कळ आहेत आणि तुमच्या नोंदी त्यांच्याही उपयोगाच्या आहेत.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर तुम्ही तीनच गोष्टी लिहिल्या आहेत: पुस्तक कोणतं वितरण (डेबियनसारखा लिनक्सचा तयार संच) धरून लिहिलंय, त्याची कोणती आवृत्ती, आणि छपाईचं साल. अनुक्रमणिकेत मग प्रकरणांपुढे हिरव्या नाहीतर लाल पेन्सिलीची टिकली. हिरवी म्हणजे आजही जसंच्या तसं चालतं: फाइलींच्या परवानग्या, एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारा पाइप, शेलमधली (कमांडी वाचणाऱ्या प्रोग्रॅममधली) अवतरणचिन्हं, प्रोसेस, मजकूर शोधणारा 'ग्रेप' आणि बदलणारा 'सेड'. लाल म्हणजे आधी पडताळा, मग करा: यंत्र सुरू होतानाच्या सेवा, नेटवर्क, फायरवॉल, पॅकेजांचे (तयार प्रोग्रॅमांच्या गठ्ठ्यांचे) स्रोत. वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक रद्दीत घालायचं की वाचायचं, हा प्रश्न या टिकल्यांनी मिटवला. अर्धं पुस्तक अजून ताजं आहे आणि ते अर्धं कोणतं हे नवख्याला कुणीतरी दाखवायला हवं असतं.

लाल टिकल्यांपैकी सगळ्यात उपयोगी ठरली ती 'सु' या, दुसरा वापरकर्ता होण्याच्या, कमांडपुढची. जुनी पुस्तकं सांगतात, 'सु' लिहा, रूटचा (यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड द्या आणि नवा वापरकर्ता घालणारं 'यूझरअ‍ॅड' चालवा. डेबियन ९ पर्यंत हे चालायचं. २०१९ च्या डेबियन १० पासून 'सु'चा प्रोग्रॅम बदलला आणि नुसत्या 'सु'नं आधीच्या वापरकर्त्याचा पाथ, म्हणजे कमांडी जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, तसाच राहू लागला. त्या पाथमध्ये 'एसबिन' हे फोल्डर नसतं, म्हणून रूट होऊनही 'कमांड नॉट फाउंड' असं उत्तर येतं. शिकणाऱ्याला वाटतं पॅकेजच बसलेलं नाही आणि तो भलतंच काही बसवत सुटतो. तुमची नोंद चार शब्दांची: 'सु, जागा सोडून डॅश.' म्हणजे रूटचं लॉगिन पूर्ण होतं, पाथ बदलतो आणि पुस्तकातली पुढची ओळ चालते.

लॉगच्या प्रकरणातही असंच. पुस्तक म्हणतं, 'व्हार'खालच्या 'लॉग'मध्ये 'सिसलॉग' फाइल उघडा. २०२३ च्या डेबियन १२ च्या नव्या यंत्रावर ती फाइल नसतेच, कारण ती लिहिणारा 'आरसिसलॉग' आता आपोआप बसत नाही. नोंदी सिस्टमडीच्या (यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) जर्नलमध्ये जातात आणि त्या 'जर्नलसीटीएल'नं वाचायच्या. तुम्ही समासात जोड्या लावून ठेवल्यात: फाइलीचं शेपूट सतत बघायचं तर 'डॅश एफ', या वेळी यंत्र सुरू झाल्यापासूनचं हवं तर 'डॅश बी', एकाच सेवेचं हवं तर 'डॅश यू' आणि सेवेचं नाव. नेटवर्कच्या पानावर 'आयएफकॉन्फिग'वर काट, बाजूला 'आयपी अ‍ॅडर'. 'नेटस्टॅट'वर काट, बाजूला 'एसएस'. 'ईटीएच शून्य' या नेटवर्क कार्डाच्या जुन्या नावाखाली लिहिलंय, 'हे नाव नसेल तर घाबरू नये, आयपी लिंक चालवून खरं नाव बघावं.' हे वाक्य फार चांगलं आहे.

आता छपाईच्या खुणांबद्दल. त्यांचं महत्त्व कळायला आम्हाला जरा वेळ लागला. मजकूर सजवणारे लोक दोन छोट्या डॅशांची एक लांब रेघ करून टाकतात. वाचायला ती छान दिसते, पण कमांडमध्ये ती रेघ म्हणजे दुसरंच अक्षर आणि पर्याय ओळखलाच जात नाही. तुम्ही अशा प्रत्येक लांब रेघेवर दोन बारीक उभ्या खुणा केल्यात, म्हणजे 'इथे डॅश दोनदा'. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झालेली जिथे जिथे दिसतात, तिथे छोटं वर्तुळ. आणि फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस'पुढचा तो पर्याय! छापील अक्षरात इंग्रजी एल आणि एकचा आकडा सारखेच दिसतात आणि 'एलएस'ला दोन्ही चालतात. एल दिला तर मालक, परवानग्या, आकार असा सगळा तपशील येतो. एक दिला तर नुसती नावं, एकाखाली एक. चूक झाल्याचा संदेश येत नाही, म्हणून माणूस पुस्तकातल्या चित्राशी आपला पडदा जुळवत बसतो. तिथे तुम्ही गोल करून मराठीत 'एल' लिहिलंय. लांब कमांड दोन ओळींत मोडली असेल तिथे उलट्या तिरप्या रेघेनंतर बाण काढून 'यापुढे रिकामी जागाही नको' असं बजावलंय. तसंच आहे ते. त्या रेघेनंतर एक स्पेस पडली की ती रेघ नव्या ओळीऐवजी त्या स्पेसला लागू होते आणि अर्धीच कमांड चालते.

वापरकर्त्यांच्या प्रकरणात मात्र एकच ठळक लाल चौकट आहे: वापरकर्त्याचं खातं बदलणाऱ्या 'यूझरमॉड'ला कॅपिटल जी देताना आधी छोटा ए. तो ए विसरला तर दिलेला गट जोडला जात नाही, तो जुन्या सगळ्या जोडगटांच्या जागी बसतो. प्रिंटरच्या गटात घालायला गेलेला माणूस 'सुडो'च्या, म्हणजे रूटचे अधिकार उसने मिळण्याच्या, गटातून बाहेर पडतो. वाईट हे, की ते लगेच कळत नाही. चालू लॉगिनमध्ये जुने गट तसेच राहतात, नव्यानं आत शिरल्यावरच 'सुडो' नाही म्हणतं. तोवर रूटचा दुसरा मार्ग नसेल, तर यंत्र पुन्हा सुरू करून ग्रबच्या (सुरुवातीच्या मेनूच्या) यादीतून रिकव्हरी मोडमध्ये, आणि रूटचं खातं कुलूपबंद असल्यानं तेही जमलं नाही तर पेनड्राइव्हवरून आत जावं लागतं. तुमचा क्रम आम्ही सगळ्यांना पाठ करायला लावतो: आधी 'आयडी' ही कमांड आणि वापरकर्त्याचं नाव, गट कागदावर उतरवा, मग बदल, मग परत 'आयडी', आणि दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन करून पाहिल्याशिवाय पहिलं टर्मिनल बंद नाही.

'एफएसटॅब'च्या (यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीच्या) दोन पानांना तर समासच पुरला नाही, तिथे तुम्ही चिठ्ठी चिकटवलीत. ती इथे उतरवून देतो, कारण पुस्तकात त्या फाइलीचे सहा रकाने समजावलेत, पण चुकल्यावर काय होतं ते नाही. तुमचं पहिलं म्हणणं, डिस्क 'एसडीबी' अशा नावानं लिहू नका. दुसरी डिस्क लावली की ही नावं इकडची तिकडे होऊ शकतात. 'बीएलकेआयडी' चालवून यूयूआयडी (नाव बदललं तरी न बदलणारी ओळख) घ्या आणि तीच लिहा. बाहेरची किंवा कधीमधी काढली जाणारी डिस्क असेल तर चौथ्या रकान्यात 'नोफेल' हवंच. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टमडी नेहमीच्या मांडणीत ९० सेकंद वाट पाहतं आणि यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन थांबवतं. सहाव्या रकान्यात रूटला १, बाकीच्यांना २, तपासायचंच नसेल तर शून्य. फाइल जतन केल्यावर लगेच रीबूट करायचं नाही. आधी 'फाइंडमाउंट'ला व्हेरिफायचा पर्याय देऊन चालवायचं, मग 'माउंट डॅश ए'. दोन्हींकडून तक्रार आली नाही, की मगच रीबूट.

आणि तरी अडकलंच तर? इमर्जन्सी मोड रूटचा पासवर्ड मागतो. रूटचं खातं कुलूपबंद असेल तर तिथेही दार बंद. अशा वेळी ज्या पेनड्राइव्हवरून प्रणाली बसवली त्यावरूनच यंत्र सुरू करायचं, डिस्कचा रूट विभाग जोडायचा आणि 'एफएसटॅब'मधल्या चुकीच्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकायचं. ओळ पुसायची नाही, काय चुकलं ते नंतर वाचता यावं म्हणून. चिठ्ठीच्या तळाशी तुम्ही अधोरेखित केलंय: 'तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कामाला वापरू नये.' आता आमच्याकडे एक तसाच वेगळा ठेवलाय, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, दोऱ्यानं बांधून.

ठरल्या वेळी कमांडी चालवणाऱ्या क्रॉनच्या पानावर दोनच ओळी, पण अगदी नेमक्या. क्रॉनचा पाथ तोकडा असतो म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा. आणि टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ द्यावी, नाहीतर क्रॉन तिथे ओळ तोडतो. बॅकअपच्या फाइलीला तारखेचं नाव द्यायची युक्ती टर्मिनलमध्ये चालते आणि क्रॉनमध्ये रोज रात्री मुकाट्यानं फसते, ती यामुळेच.

पुस्तकांच्या निवडीबद्दलही आभार मानायचे आहेत. इवी नेमेथ आणि सहकाऱ्यांचा यूनिक्स-लिनक्स प्रशासनावरचा जाडजूड संदर्भग्रंथ तुम्ही २०१७ च्या पाचव्या आवृत्तीचा दिलात. जुन्या बाजारात २०१० ची चौथी स्वस्तात मिळते, पण तिची बरीच पानं सोलारिस, एचपी-यूएक्स आणि एआयएक्स या इतर यूनिक्स प्रणालींवर खर्च झालेली आहेत. लिनक्स शिकणाऱ्यानं त्यांचे पैसे कशाला मोजावेत? शिवाय हा ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायचा नाही, हेही तुम्हीच लिहून ठेवलंत. आधी विल्यम शॉट्स यांचं कमांड लाइनवरचं पुस्तक, रोज एक प्रकरण, हातानं टाइप करत. मग डेबियन प्रशासकांची पुस्तिका. मोठा ग्रंथ अडलं की उघडायचा.

परवान्याच्या पानावर खूण करणारा दुसरा वाचक आम्ही पाहिला नाही. शॉट्स यांचं पुस्तक फुकट उतरवून घेता येतं, जसंच्या तसं वाटता येतं, पण विकता येत नाही आणि बदललेलं किंवा अनुवादित रूप परवानगीशिवाय पसरवता येत नाही. डेबियनची पुस्तिका २०१२ मध्ये मुक्त परवान्यानं खुली झाली. तिचा मराठी अनुवाद आज कुणीही हाती घेऊ शकतो, फक्त तोही तसाच खुला ठेवायचा. ती डेबियनच्या भांडारात पॅकेज म्हणूनही आहे, त्यामुळे एकदा बसवली की नेट नसतानाही वाचता येते. ज्या गावात सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली आणि पेट्यांतून गावोगाव पुस्तकं फिरवली, तिथे हा अनुवाद व्हावा असं आम्हाला फार वाटतं. पहिलं प्रकरण घेतलं आहे.

सरावाच्या यंत्राची तुमची कृतीही जशीच्या तशी वापरतो. यंत्रात दुसरं यंत्र चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये पडद्याच्या सजावटीविना डेबियन, १ जीबी मेमरी, एक प्रोसेसर, १० जीबी डिस्क. ६४ बिटचा पर्यायच दिसला नाही तर बहुधा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. प्रत्येक लाल टिकलीच्या प्रकरणाआधी स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल अशी यंत्राची जतन केलेली स्थिती. एसएसएचच्या (दुसऱ्या यंत्रात दुरून लॉगिन करण्याच्या) प्रकरणापासून अशी दोन यंत्रं, आतल्या नेटवर्कवर जोडलेली. ज्यांची प्रणाली मराठीत आहे त्यांच्यासाठी आम्ही एक सूचना जोडली: पुस्तकातला चूक दाखवणारा संदेश पडद्यावर जुळवायचा असेल तेव्हा कमांडआधी भाषा ठरवणाऱ्या 'एलसी ऑल'ची किंमत 'सी' द्यावी, म्हणजे तेवढ्यापुरतं उत्तर इंग्रजीत येतं आणि शोधायला सोपं पडतं.

एका ठिकाणी तुमच्या नोंदीखाली आम्ही पेन्सिल चालवली, ती चालेल ना? पॅकेजांच्या बाहेरच्या स्रोताची सही पडताळणारी किल्ली 'एपीटी-की'नं जोडा असं तुम्ही लिहिलं होतं. ती कमांड आता मोडीत निघाली आहे. किल्लीची फाइल 'एटसी'खालच्या 'एपीटी'मधल्या 'कीरिंग्ज' फोल्डरमध्ये ठेवायची आणि स्रोताच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहून तिचा पत्ता द्यायचा. जुन्या पद्धतीत एकदा जोडलेली किल्ली सगळ्याच स्रोतांसाठी ग्राह्य धरली जायची, म्हणून हा बदल. तुमची ओळ खोडलेली नाही. खाली तारीख आणि डेबियनची आवृत्ती घालून आमची लिहिली.

आणि एक विनंती. नेमसर्व्हरच्या (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) प्रकरणात, त्या नावांची नोंद ठेवणाऱ्या झोन फाइलीच्या नमुन्याशेजारी तुमच्या पाच ओळी आहेत. पहिल्या तीन लागतात: बदल केला की अनुक्रमांक वाढवा, पूर्ण नावाच्या शेवटी टिंब विसरू नका, नाहीतर झोनचं नाव त्याला पुन्हा चिकटतं. उरलेल्या दोन ओळी पान दुमडल्यामुळे पुसल्या गेल्यात. उजेडात तिरपं धरूनही लागत नाहीत. एखाद्या शनिवारी संध्याकाळी येऊन त्या वाचून दाखवाल का? पान उघडून ठेवतो.

तुमचेच,
वाचनकट्ट्यावरची मंडळी
दांडिया बाजार, बडोदा