शेवट माहीत असलेलं लग्न

सोलापूर,
मार्गशीर्ष

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "शेवटी रोमिओ-ज्युलिएट दोघं मरतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, मग ते बघायला पुण्याहून एवढ्या लांब कशाला यायचं?" मागे तालमीचा गलका चालला होता, मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. बाबा, तुम्ही ते आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधेच थांबून तिनं काही विचारलं तर तेवढं मला कळवा, कारण हल्ली माझं कामच लोकांचे प्रश्न गोळा करणं हे आहे.

आमचा हौशी संघ सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की 'रोमिओ आणि ज्युलिएट' मराठीत करतो आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात आहे. मला त्यात भूमिका नाही. प्रयोगाआधी गावात फिरून लोकांची या नाटकाशी ओळख करून द्यायची, हे काम मी मागून घेतलं. कॉलेजात जाते, बचत गटाच्या बैठकीला जाते, पूर्व भागात यंत्रमागाच्या कामावरून सुटलेल्या माणसांना गाठते. गोष्ट सांगायची, आमच्यातली दोन मुलं एखादा प्रवेश करून दाखवतात, आणि मग गप्पा. पूर्व भागात आमचा एक गडी तेलुगूत सांगतो, तेव्हा मागे बसलेल्या आज्या पुढे सरकतात.

शेवट आधी सांगायचा की नाही, यावरून आमच्यात बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, सांगितला तर तिकीट कोण काढेल? मी मात्र हटले नाही. शेक्सपिअरनं स्वतःच तो सांगून ठेवलाय. आपल्या संगीत नाटकात नांदीनंतर सूत्रधार येतो, तसा इथेही पडदा उघडताच एक जण पुढे येतो आणि चौदा ओळींत सगळं सांगून टाकतो: वेरोना शहर, तोलामोलाची दोन घराणी, त्यांचं जुनं वैर, त्या घरांतली दोन मुलं मरणार आणि मगच मोठ्यांचं भांडण मिटणार. नाटक साधारण 1595 च्या सुमाराचं. त्याच्या आधी तीसेक वर्षं, 1562 साली, आर्थर ब्रुक नावाच्या कवीनं हीच गोष्ट इंग्रजीत लांबलचक काव्यात लिहून छापली होती. म्हणजे गोष्ट नवी नव्हतीच.

आणि आई, सोलापूरच्या माणसाला हे नवल वाटायचं कारणच नाही. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी आपण दरवर्षी कुठल्या लग्नाला उभे राहतो? सिद्धरामेश्वरांवर मन जडलेली ती कुंभाराची मुलगी. ते योगी, त्यांना लग्न करायचं नाही, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी नंदीध्वज घेऊन येतात, 'सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम' होतं आणि सगळं गाव अक्षता टाकतं. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, दागिने घालून ती नवरी होमात जाते. अक्षता टाकताना हे कुणाला ठाऊक नसतं? तू तर मला कडेवर घेऊन न्यायचीस. ठाऊक असतं म्हणूनच अक्षता टाकताना तुझे डोळे भरून यायचे. कुठल्याही बैठकीत मी एवढंच सांगते, आणि शेवट फोडल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

शेवट माहीत असला की माणूस 'पुढे काय' यात अडकत नाही, 'हे कुणामुळे' याकडे बघायला लागतो. मला प्रेक्षकाला तिथवर न्यायचं आहे.

बाबा, तुम्ही म्हणाल शोकांतिका म्हणजे पहिल्या मिनिटापासून गळा काढणार. तसं मुळीच नाही. निम्मं नाटक हसवणारं आहे. रोमिओ पहिल्यांदा दिसतो तोच भलत्याच मुलीसाठी उसासे टाकत, रोझालिन तिचं नाव, आणि तिला बघायला म्हणून तो शत्रूच्या घरच्या मेजवानीत शिरतो. ज्युलिएटची दाई आहे, तिला एक गोष्ट सांगायला सांगा, चार वेळा सांगेल. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ तर तोंडाला लगामच नसलेला गडी. लोक गंभीर चेहरे करून बसतात, म्हणून मी आधीच सांगते, पोटभर हसा. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला भर उन्हात रस्त्यावर भांडण पेटतं, रोमिओ सोडवायला मधे पडतो आणि त्याच्याच हाताखालून मर्क्युशिओला तलवार लागते. मरता मरताही तो विनोद करतो आणि दोन्ही घरांना मरीचा शाप देतो. त्यानंतर नाटकातलं हसू आटतं. आधी हसलेल्या माणसालाच तो घाव बसतो.

बचत गटातल्या एका मावशींनी विचारलं, "भांडण कशावरून लागलं होतं? शेतावरून की बांधावरून?" मी सांगितलं, नाटकात ते कुठेच येत नाही. कुणालाच आठवत नाही म्हणा हवं तर. मावशी कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आमच्याकडंबी तसंच हाय." मला फार जणांनी सुचवलं की एक घर वरच्या जातीचं आणि एक खालच्या जातीचं करा, इथल्या लोकांना पटकन भिडेल. आपल्याकडे जातीपायी मुलं मारली जातात हे खरंच आहे, त्यावर नाटक व्हायलाच हवं, पण ते वेगळं नाटक. इथे दोन्ही घरं सारख्या मानाची आहेत, एकाच शहरातली, एकाच धर्माची. त्यांच्यात काहीच उंचनीच नाही, तरी मुलं जातात. मला ते जास्त भयंकर वाटतं, आणि म्हणून आम्ही ते तसंच ठेवलंय.

आता तुम्हाला दोघांना जे खास सांगायचं आहे ते सांगते. हे नाटक प्रेमाचं म्हणून ओळखलं जातं, सज्जातल्या त्या प्रवेशाची चित्रं कॅलेंडरवर येतात. तो प्रवेश सुंदर आहेच. पण मला हे नाटक सगळ्यात जास्त कळलं ते ज्युलिएटच्या आईबापांकडे बघून.

ज्युलिएट तेरा वर्षांची आहे, चौदावं अजून लागायचंय. ब्रुकच्या काव्यात ती सोळाच्या आसपासची होती, शेक्सपिअरनं तिला आणखी लहान केलं. तिची आई तिला सांगते, तुझ्या वयात मी आई झाले होते. आई, आपल्या आजीची गोष्ट वेगळी कुठे होती? सुरुवातीला तिचा बाप, कॅप्युलेट, फार शहाणा वाटतो. पॅरिस नावाचं तालेवार स्थळ येतं तेव्हा तो म्हणतो, अजून दोन उन्हाळे जाऊ देत, आणि आधी तिचं मन जिंका, तिच्या होकाराशिवाय माझ्या होकाराला काय अर्थ. त्याची बाकीची मुलं मातीआड झालेली, ही एकच उरलेली. बाबा, हे वाक्य आमचा नट म्हणतो तेव्हा मला दरवेळी तुम्ही आठवता.

आणि हाच बाप दोन दिवसांत बदलतो. बायकोचा भाचा रोमिओच्या हातून मारला गेलाय, त्यापायी रोमिओ हद्दपार झालाय; दुःखावर उतारा म्हणून तो पोरीला न विचारता पॅरिसशी लग्न ठरवून टाकतो, गुरुवारी. तिचं लग्न आधीच रोमिओशी झालंय हे त्याला माहीत नाही. ती नको म्हणते. त्यावर तो जे बोलतो ते तालमीत ऐकतानासुद्धा अंगावर येतं: रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, माझी कोणी नाहीस. पोरगी आईकडे वळते, लग्न निदान महिनाभर तरी पुढे ढकल म्हणून पदर पसरते. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, मला तुझं काही करायचं नाही. मग उरते दाई, जिनं तिला अंगावर पाजलं, जिनं रोमिओचे निरोप पोचवले. ती म्हणते, पॅरिस चांगला आहे, त्याच्याशीच कर. एका सकाळीत तीन दारं बंद होतात. मेल्यासारखं झोपवणाऱ्या औषधाचा विचार त्यानंतर येतो, आधी नाही.

हा प्रवेश करून दाखवला की बैठकीतल्या बाया आपापसात बोलायला लागतात, आणि पुरुष खाली बघतात. कुणी ज्युलिएटला उलट बोलणारी म्हणत नाही. आई, तुला 'शारदा' आठवत असेल. देवलांनी 1899 साली ते रंगभूमीवर आणलं, आणि पोरीचं मन न विचारता तिचं लग्न ठरवणारा बाप मराठी माणसानं तेव्हापासून बघितलेला आहे. त्याच देवलांनी त्याआधी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं होतं. बाबा, तुम्ही ज्या 'नटसम्राट'ची संवादासकट आठवण काढता, त्याच्याही मागे शेक्सपिअरचा लिअर उभा आहे. आणि 'रोमिओ आणि ज्युलिएट' तर मंगेश पाडगावकरांनी मराठीत आणलेलं. तेव्हा 'इंग्रजी नाटक आपल्याला काय कळणार' हे तुमचं म्हणणं मी ऐकून घेणार नाही. तुम्ही ते आयुष्यभर बघत आलाय.

राहिली ती चिठ्ठी. ज्युलिएट बेचाळीस तास मेल्यासारखी झोपवणारं औषध घेते, आणि ती मेलेली नाही हे रोमिओला कळवायला त्यांचं लग्न लावणारा पाद्री दुसऱ्या एका पाद्र्याच्या हाती पत्र धाडतो. ते पोचत नाही. का, तर ज्या घरात तो पाद्री गेला तिथे साथीचा संशय येतो आणि तपासनीस दारं बंद करून त्याला आत कोंडतात. कॉलेजात शिकताना मला हा ओढूनताणून आणलेला योगायोग वाटायचा. आता मी हे सांगते तेव्हा कुणालाही समजवावं लागत नाही. 2020 साली आपल्याच बोळाच्या तोंडाला पत्रे ठोकले होते, आणि पलीकडच्या गल्लीतल्या आत्याच्या शेवटच्या दर्शनाला तुम्हाला जाता आलं नव्हतं. शेक्सपिअरच्या लंडनमध्येही 1592 ते 1594 या काळात प्लेगपायी नाटकघरं बहुतेक वेळ बंद होती. ती उघडल्यावर लगेचच्या काळातलं हे नाटक आहे. मर्क्युशिओनं मरीचा शाप दिला तो दोन्ही घरांना, आणि मरीमुळेच पत्र अडलं. हे मी सांगितलं की लोक मान हलवतात.

रविवारी सकाळी सुरू झालेली गोष्ट गुरुवारी पहाटे संपते. वर बापानं लग्न एक दिवस अलीकडे, बुधवारवर आणलं, तो वेळही हातचा गेला. कुणी तरी कुठे तरी एक दिवस थांबलं असतं, असं प्रेक्षकाला सारखं वाटत राहतं. अठराव्या शतकात गॅरिक नावाच्या मोठ्या नटानं तर फेरफार करून रोमिओ मरायच्या आत ज्युलिएटला जागं केलं, दोघांना बोलू दिलं. आमच्याकडेही एकानं तसं करायचं सुचवलं होतं. दिग्दर्शकानं ऐकलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. ती जागी होते तेव्हा त्याचे ओठ अजून गरम असतात, यापुढे आणखी काय लिहायचं?

शेवटी दोन्ही बाप हातात हात देतात आणि एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारायचं कबूल करतात. रोमिओची आई त्याच रात्री गेलेली असते, मुलाच्या हद्दपारीच्या दुःखानं. तिचा उल्लेख एका वाक्यात येतो आणि बहुतेकांच्या कानावरून जातो. आई, तू तेवढं वाक्य नीट ऐक.

तर तुम्ही दोघं याच. दादाला सांगून इंद्रायणीची तिकिटं काढून घ्या, ती दुपारी पोचते. हुतात्मा एक्सप्रेसनं आलात तर रात्र होते आणि बाबांचं जेवण लांबतं. तुमच्या जागा मधल्या रांगेत कडेला ठेवते, म्हणजे बाबांना गुडघा लांब करता येईल आणि आवाजही नीट पोचेल. प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा आहेत, तिथे तुम्ही थांबायचं आहे. आईबापांच्या बाजूनं बोलणारं मला कुणी तरी हवंय, आणि तुम्ही माझी भीड न ठेवता बोलाल.

आणि आई, दाईचं काम करणारी आमची बाई अगदी तुझ्या अंगलटीची आहे. तुझं ते हिरवं इरकल लुगडं ट्रंकेत असेल तर येताना घेऊन ये. काठ उसवला असला तरी चालेल, मी इथे शिवून घेते.

तुमची,
सुमी