गॅलन नक्की कुणाचा?

प्रिय अभ्या,

जुनी मापं म्हणजे निव्वळ गोंधळ, लिटर आला आणि सुटलो, असं लिहिलंस ना, ते मला अर्धंच पटलंय. म्हणून हे लांबलचक पत्र, वैतागू नकोस.

इंग्रजी मापांचंच बघ. चार गिलचा पाइंट, दोन पाइंटचा क्वार्ट, चार क्वार्टचा गॅलन. सगळं निम्मं नाहीतर दुप्पट. एकसारखी दोन भांडी घ्यायची आणि पातळी जुळेपर्यंत या भांड्यातलं त्या भांड्यात ओतायचं की झाले दोन भाग, त्याला ना तराजू लागतो ना शिकलेला माणूस. असेच दहा सारखे भाग करून दाखव बघू!

घोळ झाला तो वेगळ्याच ठिकाणी. मालागणिक गॅलन वेगळा. इंग्लंडात वाइनचा गॅलन २३१ घन इंच आणि बिअरचा २८२, आता बोल! आणि वाइनवरची जकात गॅलनमागे, म्हणजे मोठा गॅलन धरला की व्यापाऱ्याचा कर कमी, मग भांडणं होणारच. शेवटी राणी अ‍ॅनच्या काळात कायदा करून वाइनचा गॅलन २३१ वर पक्का केला. पुढे १८२४ मध्ये ब्रिटिशांनी दोन्ही गॅलन मोडीत काढले आणि ६२ अंश फॅरनहाइटला १० पौंड पाणी जेवढी जागा घेतं तेवढा एकच नवा गॅलन ठरवला, पण अमेरिका तोवर कधीच वेगळी झालेली, ते आपले जुन्या वाइनच्या गॅलनलाच धरून बसले ते आजपर्यंत. त्यामुळे तिकडचा गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५४६ चा, आणि तीच गाडी ब्रिटिश गॅलनमध्ये मोजली की मायलेज २० टक्के जास्त दिसतं. सगळ्यात भारी गंमत औंसची आहे. ब्रिटिश पाइंट मोठा, ५६८ मिली, अमेरिकन ४७३, पण औंस मात्र अमेरिकेचाच किंचित मोठा, कारण त्यांच्या पाइंटात १६ औंस आणि यांच्यात २०. हे कुणाला तोंडी समजावायला जाऊ नकोस, मैत्री तुटेल.

कच्च्या तेलाचा बॅरल पण तसाच, ४२ अमेरिकन गॅलन, साधारण १५९ लिटर. तेल जातं पाइपलाइननं नाहीतर टँकरनं, लाकडी पिंप कुठेच नाही, तरी भाव बॅरलचाच.

आणि तुझा लाडका लिटर काही धुतल्या तांदळाचा नाही हं. १९०१ मध्ये त्याची व्याख्या एक किलो पाण्याच्या आकारमानावर नेली आणि तो बरोब्बर १००० घन सेंटिमीटर न राहता १०००.०२८ झाला. एवढासा फरक, पण बारीक मोजणी करणाऱ्यांना तो नडायचा, आणि निस्तरायला १९६४ उजाडलं.

आता पुढच्या पत्रात तू भांड.

तुझा,
सुध्या