अण्णाच्या हिरवळीसाठी यंत्र

सोलापूर,
18 ऑगस्ट

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दिवाळीपूर्वी तुम्ही दोघे बेंगळूरहून कायमचे परत येणार आहात आणि तोपर्यंत जुळे सोलापुरातल्या घरापुढच्या हिरवळीसाठी विजेवर चालणारे गवत कापायचे यंत्र मी निवडून ठेवावे, अशा दोन्ही गोष्टी तू एकाच दमात लिहिल्या आहेस. पहिली वाचून फार आनंद झाला आणि दुसरी वाचून थोडा घाम फुटला, कारण या खरेदीत मी स्वतः एकदा तोंडघशी पडलेलो आहे. तुझ्या मुलाने पाठवलेली चार यंत्रांची यादीही पाहिली. चारही दिसायला सुरेख आहेत. पण यादीत सगळीकडे वॅट आणि रंग दिसतात, आपली जमीन कुठे दिसत नाही.

म्हणून आधी जमिनीकडे गेलो. काल सकाळी टेप घेऊन तुझ्या घरी जाऊन आलो. हिरवळ 30 बाय 20 फूट, म्हणजे 600 चौरस फूट, मीटरच्या हिशेबात 56 चौरस मीटरच्या जवळपास. तू आयुष्यभर आपल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाच्या खोलीत बसलास, तेव्हा हिशेबच मांडतो. पात्याची रुंदी 32 सेंटिमीटर धरली आणि मागच्या पट्ट्यावर थोडे चढवून कापले, तर प्रत्येक फेरीत 25 सेंटिमीटर नवे गवत कापले जाते. 20 फुटांच्या रुंदीला अशा 24-25 फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी 30 फुटांची, म्हणजे एकूण सव्वादोनशे मीटर चालणे. रमतगमत, वळणे घेत, कापलेल्या गवताची पेटी रिकामी करत गेलास तरी पाव तासाचे, फार तर वीस मिनिटांचे काम आहे. 1200 वॅटचे यंत्र पूर्ण भाराने पाव तास चालले तरी 0.3 युनिट वीज लागते. त्यामुळे यादीतले 42 सेंटिमीटर रुंदीचे यंत्र मी पहिल्याच वाचनात खोडले. ते तुळशीवृंदावन आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या पट्ट्यात वळणारही नाही आणि दर वेळी पायरीवरून उतरवताना तुझी कंबर धरेल ती वेगळीच.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचे म्हणणे कशातून आले ते कळेल. तीन वर्षांपूर्वी मी स्वस्त म्हणून एक हलके, प्लास्टिकच्या अंगाचे यंत्र घरबसल्या मागवले. पहिला पावसाळा ते मिक्सरसारखे किंचाळत, पण नेटाने चालले. दुसऱ्या पावसाळ्यात मोटरमधून ठिणग्या दिसू लागल्या आणि करपल्याचा वास येऊ लागला. उघडून पाहिले तर कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे, झिजून संपले होते आणि मोटरपासून पात्यापर्यंतचा दातेरी पट्टाही चिरला होता. ब्रश दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा, किंमत म्हणावी तर चहाची. पण त्या मापाचा ब्रश आणि तो पट्टा मला सबंध शहरात मिळाला नाही. विकणाऱ्याला चार वेळा कळवले, पाचव्यांदा नाद सोडला. आज ते यंत्र जिन्याखाली आहे आणि त्याच्या गवताच्या पेटीत घरातले कांदे आहेत.

यातून मी जे शिकलो ते एवढेच, की वॅट विचारण्याआधी मोटरची जात विचारावी. अशा हलक्या यंत्रांत बहुधा युनिव्हर्सल मोटर असते, मिक्सरमध्ये असते तीच. ती आकाराने लहान, वजनाला कमी, मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरणारी आणि ब्रशवर जगणारी. दुसरी जात इंडक्शन मोटरची. तिला ब्रश नाहीत आणि ब्रश ज्यावर घासतात तो कम्यूटेटरही नाही. दोन पोलची, म्हणजे दोन चुंबकीय ध्रुवांची असेल तर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला 3000 च्या किंचित खाली फिरते, त्यामुळे पाते थेट दांड्यावर बसवता येते आणि पट्ट्याची भानगड राहत नाही. ती जड असते आणि व्होल्टेज फार पडले तर जास्त करंट ओढून तापते, हे तिचे दोष मान्य. पण अण्णा, आपण यंत्रमागाच्या गावात राहतो. आपल्या पूर्व भागात इंडक्शन मोटर रिवाइंड करून देणारा माणूस शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. कपॅसिटर गेला तर दहा मिनिटांत बदलून मिळतो, बेअरिंग गेले तर नंबर सांगून दुकानातून आणता येते. ज्या यंत्राला आपल्या गावात वैद्य आहे तेच घ्यावे, असा माझा हट्ट आहे, आणि तुझ्या यादीतली दोन यंत्रे केवळ याच हट्टापायी गळाली.

तुझ्या यादीत नसलेल्या एका प्रकाराविषयी मात्र मला लिहावेसेच वाटते, कारण माझा जीव त्यात अडकला आहे. जुन्या बागांमध्ये माळी ढकलत नेतात ते दंडगोल पात्याचे यंत्र तुला आठवत असेल. त्यात मळसूत्री पाती फिरतात आणि खालच्या स्थिर पात्यावर गवत कातरले जाते. आपल्या कारखान्यात एका बाजूने मखमली टॉवेल निघत, तेव्हा त्यांचे लूप कापणारे शिअरिंग मशीन याच रीतीने चालायचे. फिरती मळसूत्री पाती आणि खाली स्थिर पाते. मला वाटे, कोणा हुशार माणसाने गवताचे यंत्र पाहून टॉवेलचे केले असेल. प्रत्यक्षात उलटे घडले आहे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. तिथे कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून एडविन बडिंग याला गवत कापायची कल्पना सुचली आणि 1830 साली त्याने तिचे पेटंट घेतले. म्हणजे गवताचे यंत्र हे कापडाच्या यंत्राचे अपत्य आहे; आपण दोघे त्याचे सोयरेच लागतो.

या यंत्राची कातर कात्रीसारखी स्वच्छ असते, गवताचे टोक फाटत नाही आणि म्हणून पिवळे पडत नाही. कागदाची पट्टी दोन पात्यांच्या मध्ये धरून हाताने फिरवावी. सबंध रुंदीत कागद सुरेख कापला गेला तर जुळणी बरोबर. टॉवेलच्या यंत्रावर हे मी तीस वर्षे केले आहे आणि तुझ्यासाठीही आनंदाने करीन. पण तुला हे यंत्र घे असे मी म्हणणार नाही. तू वरून चार इंच लाल माती टाकलीस तरी खाली आपली काळी जमीनच आहे. ती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात भेगाळते आणि वरची हिरवळ गोधडीसारखी उंचसखल होते. काल मी दोरी ताणून पाहिली; मधोमध दोन बोटांचा खळगा आहे. दंडगोल पात्याच्या वाटेत असा उंचसखल भाग आला की ते गवत मुळापर्यंत खरवडते, आणि कंपाउंडकडचा मुरमाचा एखादा खडा आत गेला तर स्थिर पात्याला खाच पडते, ती निघेपर्यंत प्रत्येक फेरीत गवताची एक रेघ न कापता उभी राहते. तेव्हा तुला आडव्या फिरणाऱ्या एकाच पात्याचे, म्हणजे रोटरी यंत्र. ते कातरत नाही, फटकारते. त्याचे पाते बोथट झाले की गवताची टोके चिंधीसारखी दिसू लागतात. परंतु ते पाते काढून धार लावून आणणे कोणालाही जमते. धार लावल्यावर मधल्या भोकात खिळा घालून पाते आडवे लटकवायचे. एक बाजू झुकली तर तिकडून थोडे घासायचे. तोल चुकलेल्या पात्याने बेअरिंग फार लवकर जाते.

बॅटरीच्या यंत्राविषयी तुझ्या मुलाचा आग्रह आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. वृंदावनाभोवती आणि लिंबाच्या झाडाभोवती वायर गुंडाळते, सोडवावी लागते, वैताग येतो. बॅटरीला हा त्रास नाही, आणि वीज गेलेली असतानाही काम होते. मात्र बॅटरी घ्यायचीच तर डब्यावरच्या व्होल्टच्या आकड्याला भुलू नये. 20 व्होल्ट लिहिलेली बॅटरी पूर्ण भरल्यावर तेवढी असते, काम करताना 18 चीच असते. व्होल्टला अँपिअर-तासाने गुणावे. 18 गुणिले 4 म्हणजे 72 वॅट-तास. यंत्राने सरासरी 400 वॅट घेतले तर पाव तासाला 100 लागतात, म्हणजे तुळशीपाशी पोहोचेपर्यंत ती दम टाकणार. 36 व्होल्टची 4 अँपिअर-तासांची असेल तर 144 होतात आणि एका दमात काम उरकते. तरीही माझे मत विरुद्धच आहे, आणि त्याचे कारण सोलापूरचे ऊन. लिथियमची बॅटरी 40 ते 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असे बहुतेक उत्पादक सांगतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सावलीतच पारा 42-43 ला जातो, आणि तू यंत्र ठेवायचे म्हणतोस ती गच्चीवरची पत्र्याची खोली त्या दिवसांत भाकरी भाजायच्या कामाची असते. बॅटरी उन्हात म्हातारी होते आणि नवी घ्यायला गेलो की यंत्राच्या किमतीचा मोठा वाटा तिच्यातच जातो. हिरवळ व्हरांड्याच्या प्लगपासून 14 मीटरांवर संपत असताना हा खर्च कशासाठी?

तर वायरचे. इथे मात्र काटकसर करू नकोस, कारण माझी दुसरी फजिती इथलीच आहे. मी ड्रमवर गुंडाळलेली पातळ एक्स्टेंशन वायर पूर्ण न उलगडता तशीच वापरली. एप्रिलची सकाळ होती, वीस मिनिटांत आतले वेढे वितळून एकमेकांना चिकटले. 1200 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर सव्वापाच अँपिअरच्या आसपास घेते. 20 मीटर वायरीत जाण्यायेण्याचे मिळून 40 मीटर तांबे होते. ते 0.5 चौरस मिलिमीटरचे असेल तर वाटेतच आठ व्होल्ट जातात आणि चाळीसेक वॅट नुसती वायर तापवण्यात खर्ची पडतात, 1.5 चौरस मिलिमीटरचे असेल तर हा तोटा तीन व्होल्टच्या आत राहतो. म्हणून 1.5 ची, तीन तारांची, आयएसआय शिक्क्याची तांब्याची वायर, तीही शक्यतो नारिंगी रंगाची, म्हणजे हिरव्यात नजरेला पडेल. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याचे इन्सुलेशन दुहेरी आहे आणि त्याला अर्थिंगची तार लागत नाही; वायर तरीही तीन तारांचीच असू दे, ती उद्या दुसऱ्या कामालाही येईल. तुझ्या बोर्डात एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच आहे, पण तो वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची थोडी गळती झाली तरी पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घे. तू येण्याआधी मीच इलेक्ट्रिशियनला सांगतो. कापताना प्लगाच्या बाजूने सुरुवात करून दूर जात राहावे आणि वायर नेहमी कापून झालेल्या भागात, खांद्यावरून मागे टाकलेली असावी. पात्याला हात लावण्याआधी स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढावा. ओल्या गवतावर तर मुळीच चालवू नये.

आता उंचीविषयी. सगळे जण यंत्र किती खालून कापते ते विचारतात. तू किती वरून कापते ते विचार. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा परतीचा, आणि नळाला रोज पाणी नाही. तुझी हरळीच्या जातीची हिरवळ पावसाळ्यात 30-35 मिलिमीटरवर छान दिसेल, पण मार्चपासून ती 50 वर ठेवावी लागेल, म्हणजे तिच्याच सावलीत माती ओली राहील. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. मागच्या मे महिन्यात, पाहुणे येणार म्हणून मी हिरवळ गालिचासारखी बारीक कापली आणि पाहुणे आले तेव्हा अंगणात फक्त जमिनीवर पसरलेल्या हरळीच्या वाळक्या काड्या उरल्या होत्या. तेव्हा 25 पासून 60 पर्यंत उंची बदलता येणारे यंत्रच बघतो आहे, आणि तेही चारही चाकांना एकाच खटक्याने. चाक-चाक वेगळे बदलायचे असेल तर तू ते पहिल्या महिन्यानंतर बदलणार नाहीस, मी तुला ओळखतो.

पेटी 30 लिटरची पुरेल. मागचा रोलर, दिवे, मोबाइलला जोडायची सोय यांतले काही नको. कापलेले गवत लिंबाच्या आळ्यात पसरून टाक. आणि लव्हाळा यंत्राने जाईल अशी आशा बाळगू नकोस. त्याच्या गाठी जमिनीत असतात, त्याला खुरपेच लागते, ते काम वहिनी तुझ्याकडूनच करून घेतील.

एवढी चाळण लावल्यावर यादीतले चौथे यंत्र उरते. 32 सेंटिमीटर, इंडक्शन मोटर, पत्र्याचे अंग. दुकानदाराने ते चालू करून दाखवले. आवाज बसक्या पंख्याइतका नाही, पण शेजाऱ्याने दार उघडून पाहावे इतकाही नाही. मूठ सोडल्यावर पाते किती वेळात थांबते ते मी मनात मोजले. तीन म्हणायच्या आत थांबले. एकच प्रश्न अडला आहे, तो सुट्या पात्याचा. दुकानदार म्हणतो, मागवून देतो. मी म्हटले, पाते आधी आणून दाखवा, मग यंत्राचे पैसे. गुरुवारी त्याने बोलावले आहे. पाते हातात पडले तर घेऊन टाकतो आणि माझ्या घरातल्या खालच्या खोलीत ठेवतो, तुझ्या पत्र्याखाली नव्हे. पाते नाही मिळाले तर होटगी रोडच्या बाजूचे आणखी एक दुकान पाहायचे राहिले आहे. तोवर तुझ्या मुलाला बॅटरीच्या यंत्राची मागणी नोंदवू देऊ नकोस, आणि पैशांची मर्यादा काय ते पोस्टकार्डावर का होईना, पण उलट टपाली कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बापू