जळीत वॉर्डातल्या सिस्टर, थँक्यू (आणि सॉरी पण)

सिस्टर, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीय. वडापावच्या गाडीवर गॅसचा भडका उडून भाजलेला तो कोपऱ्यातला पेशंट आठवतोय ना, त्याची बहीण मी, जी पॅसेजमध्ये तुमच्यावर ओरडली होती.

दादा ३५ टक्के भाजलेला, चेहरा, गळा, छाती, दोन्ही हात. हातांवर मांडीची कातडी लावली, चेहरा मात्र आपला आपण भरत आला, गालावर गुलाबी कातडी दिसायला लागली आणि आम्ही जरा हुश्श केलं, तर तिसऱ्या आठवड्यात परत १०२ ताप. अँटिबायोटिक दोनदा बदललं, जखमेच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात ती तपासणी) काही उगवेना आणि भरलेला गाल परत चिघळला. मी सरळ म्हटलं, ह्या ड्रेसिंग नीट करत नाहीत.

तुम्ही उलट बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग सोडून टॉर्च लावून त्याची हनुवटी बघत बसलात आणि मला विचारलंत, ह्याला आधी ताप आला की ओठाच्या कोपऱ्यात फोड यायचे का? यायचे की, दरवेळी, आई म्हणायची उष्णता बाहेर पडली, वर लोणी लावायची. मग तुम्ही दाखवलंत, मोहरीएवढे फोड एका घोळक्यात, आणि फुटले तिथे पंचिंग मशीनने पाडल्यासारखी गोल भोकं. हे पू करणाऱ्या जंतूंचं नाही वाटत, म्हणालात आणि तशाच डॉक्टरांकडे गेलात.

फोडांचा स्वॅब पीसीआरला गेला, हर्पिस व्हायरस निघाला. तोच ओठावरचा! डॉक्टर म्हणाले हा व्हायरस चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून असतो, एवढं भाजलं की प्रतिकारशक्ती खचते आणि तो उठतो, आणि नव्याने भरणारी कातडी त्याला आयतीच मिळते. फुफ्फुसात, लिव्हरमध्ये पसरला तर जिवावर बेततं, हेही सांगितलं, तेव्हा माझे पाय लटपटले. मग दर ८ तासांनी शिरेतून ॲसायक्लोव्हिर, म्हणजे ह्या व्हायरसवरचं औषध, त्याचा किडनीवर ताण नको म्हणून सलाइन, आणि लघवी मोजून तुम्ही चार्टवर लिहायचात, रात्री ३ वाजतासुद्धा. आठवडाभरात खपल्या धरल्या.

आता दादा दाढी करताना कुरकुरतो, हनुवटीवर एका जागी केसच येत नाहीत म्हणून. करू दे कुरकुर.

मंगळवारी फॉलोअपला येतोय, मी पण येतेय, आईने तुमच्यासाठी बेसनाचे लाडू केलेत. ह्यावेळी ओरडणार नाही.