डोंगरावरच्या रेंजर लोकांना थँक्यू!
ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा सगळ्या रेंजर लोकांचे मनापासून आभार. डोंगरातली पायवाट आपोआप टिकत नाही हो, पावसाचं पाणी वाटेवरूनच धावायला लागलं की हळूहळू तिचा ओहोळ होतो, म्हणून हे लोक वाटेत तिरके दगड बसवून पाणी बाजूला काढून देतात आणि तिथे साचलेला गाळ फावड्याने परत परत उपसतात, आणि आपण त्याच दगडांवर उभं राहून सेल्फी काढतो! उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा (म्हणजे सुकं गवत-पाला हटवून केलेले मोकळे पट्टे) काढायच्या, कुणीतरी सोडून गेलेल्या शेकोटीच्या राखेवर हात धरून धग बघायची, फुटक्या बाटल्या वेचायच्या, वर कुत्रा मोकळा सोडणाऱ्यांशी गोड बोलायचं (हे मला तर जमलंच नसतं). सुट्टी आपली, ड्युटी त्यांची. थँक्यू मंडळी, खरंच!