यादीत नसलेले ९६

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० जुलैच्या अंकात आपण सुनील गावसकरच्या वाढदिवसानिमित्त वाचकांच्या आठवणींचं पान काढलंत, त्याबद्दल आधी आभार. हल्ली क्रिकेटचं पान उघडलं की कोण किती कोटींना विकला गेला तेच वाचायला मिळतं. त्यात कुणाला १९७१ आठवावं हेच पुष्कळ. पान मी सावकाश वाचलं. पोर्ट ऑफ स्पेन होतं, ओव्हल होतं, मद्रास होतं. खाली चौतीस शतकांची तारीखवार चौकट होती. आणि कोपऱ्यात एका तरुण वाचकाचा टोला होता, की लॉर्ड्सवर साठ षटकं टुकुटुकु खेळून ३६ करणाऱ्याचं एवढं कौतुक आम्ही किती दिवस ऐकायचं?

त्या तरुणाला उत्तर द्यायला मी हे लिहीत नाही. ७ जून १९७५ च्या त्या डावाची वकिली मी करणार नाही. इंग्लंडच्या ३३४ पुढे आपण ३ बाद १३२, आणि त्यात सुनीलच्या १७४ चेंडूंत नाबाद ३६. वाईट डाव होता. विषय संपला.

माझी तक्रार आहे ती चौकटीबद्दल. शतकांची यादी छापली की जिथे शतक झालं नाही तिथे काही घडलंच नाही असा वाचणाऱ्याचा समज होतो. माझ्या मते सुनीलचा सर्वांत मोठा डाव त्या यादीत नाही. बंगळूर, मार्च १९८७, पाकिस्तानविरुद्ध दुसऱ्या डावात ९६. आपण १६ धावांनी हरलो, पाच कसोटींची मालिका तिथेच गेली, आणि ती त्याची शेवटची कसोटी ठरली. आपल्या पानावर या डावाला एक ओळसुद्धा नव्हती.

हे सांगणारा मी कोण, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. मी फोर्टातल्या एका बँकेत नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी कांगा लीगच्या, म्हणजे मुंबईतल्या क्लबांच्या पावसाळी स्पर्धेच्या, सामन्यांत स्कोअर लिहिला. क्रिकेट खेळून काही होणार नाही हे कॉलेजातच कळलं होतं, पण मैदान सुटत नव्हतं. स्कोअररला क्रिकेट वेगळं दिसतं. प्रेक्षक चौकार लक्षात ठेवतो, आम्ही ठिपके मांडतो. धाव न निघालेल्या प्रत्येक चेंडूचा एक ठिपका. सहा ठिपके झाले की ते जोडून इंग्रजी एम काढायचा, म्हणजे ते षटक निर्धाव. चांगल्या फलंदाजाचे ठिपके नुसते पाहूनही कळतात. वाईट फलंदाज सलग ठिपके खाऊन शेवटी आडवी बॅट फिरवतो आणि पुढे डब्ल्यू लागतो. चांगल्याचे ठिपके अधूनमधून एकेरी धावेने तुटत जातात.

आता बंगळूरचं. त्या मालिकेतल्या पहिल्या चार कसोटी अनिर्णित. चौथी अहमदाबादला, मोटेऱ्यावर. तिथे सुनीलने कसोटीत दहा हजार धावा पुऱ्या केल्या. जगात पहिलाच. लोक मैदानात धावले, खेळ थांबला, हे सगळ्यांना आठवतं. त्यानंतर लगेचच बंगळूरला अशी खेळपट्टी मिळाली की पहिल्याच दिवशी मनिंदरसिंगने २७ धावांत ७ बळी घेतले आणि पाकिस्तान ११६ वर गारद. आपल्याला वाटलं, जिंकलो. मग इक्बाल कासिम आणि तौसीफ अहमद यांनी पाच-पाच बळी वाटून घेतले आणि आपण १४५. त्यातले ५० एकट्या वेंगसरकरचे. पाकिस्तानने दुसऱ्या डावात २४९ केल्या, शेवटी शेवटी यष्टिरक्षक सलीम युसूफ आणि तौसीफ यांनी चिवटपणे जोडलेल्या धावा फार महागात पडल्या. आपल्यापुढे २२१.

वसीम अक्रमने सुरुवातीलाच श्रीकांत आणि मोहिंदर अमरनाथ दोघांना परत धाडलं. त्यानंतर पुढचा सगळा डाव म्हणजे एका टोकाला सुनील आणि दुसऱ्या टोकाला येणारे-जाणारे. आपल्या डावात त्याच्या खालोखाल सर्वांत जास्त धावा अझरुद्दीनच्या, २६. पूर्ण सामन्यात दुसरं अर्धशतक फक्त वेंगसरकरचं, तेही बरोबर ५०. अशा सामन्यात हा माणूस २६४ चेंडू खेळला. वय सदतीस.

सामना १७ मार्चला संपला. मंगळवार होता. बँकेतल्या कँटीनमध्ये दूरदर्शन लावलं होतं, साहेबांनी त्या दिवशी कुणाला हटकलं नाही, कारण साहेबच पहिल्या खुर्चीत. रद्दीतल्या स्लिपांच्या कोऱ्या बाजूवर मी स्कोअर लिहीत बसलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं, पण हाताला सवय. काउंटरवर गर्दी झाली की मी जायचो आणि एक शिपाईमित्र माझ्या जागी ठिपके मांडायचा. त्याचे ठिपके जरा जाड आहेत, ओळखू येतात.

त्या कागदांवर काय दिसतं ते सांगतो. कासिम डावखुरा फिरकी गोलंदाज, त्याचा चेंडू सुनीलपासून बाहेर जाणारा. तिथे ठिपकेच ठिपके. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू तो जाऊ देत होता, बॅट आत ओढून घेत होता, पुढे चिकटून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाकडे ढुंकून पाहत नव्हता. तौसीफचा आत येणारा ऑफस्पिन. त्याच्या रकान्यात मधूनमधून एक, एक, दोन. फिरकीच्याच दिशेने लेगला ढकलून काढलेले. बरं, खेळपट्टीवर एक चेंडू गुडघ्याखाली राहतोय आणि दुसरा छातीपर्यंत उडतोय. उडालेल्या चेंडूला तो खालचा हात असा सैल सोडायचा की बॅटला लागूनही चेंडू पायाशीच मरायचा. शॉर्ट लेगवाला झेपावायचा आणि त्याच्या हाती काहीच यायचं नाही. हे पुन्हा पुन्हा, पाच तासांहून जास्त वेळ. कँटीनमधल्या कुणी टाळी वाजवावी असं त्यात काही नव्हतं, आणि तरी कुणी उठत नव्हतं.

ही विद्या त्याने कुठे मिळवली, ते आम्हा मैदानवाल्यांना ठाऊक आहे, आणि आपल्या पानावर हेच यायला हवं होतं. लोक वेस्ट इंडिजच्या तेज गोलंदाजांबद्दल बोलतात. १९७१ मध्ये बोटाला नखुरडं झाल्याने पहिली कसोटी हुकली, उरलेल्या चार कसोटींत ७७४ धावा, शेवटच्या कसोटीत दाढ ठणकत असताना १२४ आणि २२०. ते मोठंच आहे. पण तेज गोलंदाजी वेगळी आणि फुटलेली खेळपट्टी वेगळी. फुटलेल्या खेळपट्टीचं शिक्षण मुंबईत पावसाळ्यात मिळायचं.

कांगा लीग १९४८ साली सुरू झाली, डॉ. कांगांच्या नावाने, आणि मुद्दाम पावसाळ्यात. खेळपट्टी उघडी. रात्रभर पाऊस पडलेला, सकाळी उघडीप, की चालला खेळ. ऊन पडून वरची माती सुकायला लागली की चेंडू पडल्यावर आधी थांबायचा आणि मग अंगावर यायचा. गवत घोट्यापर्यंत, जमिनीवरून मारलेला चेंडू वीस पावलांत अडायचा. आझाद मैदानावर तर शेजारच्या सामन्यातला कव्हर आपल्या मिडविकेटला पाठ लावून उभा. तिथे तीस-चाळीस धावा म्हणजे शतक धरायचे. अनेक नावाजलेले फलंदाज तिथे शहाणपणा करून दांडपट्टा फिरवायचे, लागला तर लागला.

दादर युनियन या सुनीलच्या क्लबचा सामना लिहायची पाळी माझ्यावर आली तेव्हा सुनीलला मी स्कोअररच्या टेबलावरून, तंबूच्या गळक्या कडेखाली बसून पाहिलंय. तोवर तो कसोटीत मोठा झाला होता, त्याला ओल्या मातीत येऊन उभं राहायची गरज नव्हती. पण दादर युनियनची शिस्त तशी होती. सुनीलचे मामा माधव मंत्री यांची परंपरा, कर्णधार वासू परांजपेंचा कडक कारभार, ‘सनी’ हे नावसुद्धा वासूंनीच दिलेलं. त्या दिवशी त्याने केलेल्या धावा सांगण्यासारख्या नाहीत. सांगण्यासारखं हे, की प्रत्येक चेंडूनंतर तो पुढे जाऊन चेंडू पडलेली जागा बॅटने दाबून सपाट करायचा, निघालेलं ढेकूळ बाजूला टाकायचा आणि परत येऊन तसाच उभा राहायचा. छातीवर आलेल्या चेंडूला मनगटं खाली टाकली की चेंडू बुटाशी पडायचा. बंगळूरला टीव्हीवर मी तेच पाहिलं, मातीच काय ती वेगळी, कोरडी.

कासिमच्याच एका उसळलेल्या चेंडूवर स्लिपमध्ये रिझवान-उझ-झमानने झेल घेतला आणि सुनील गेला. अजून चाळीसेक धावा हव्या होत्या. रॉजर बिन्नीने शेवटी थोडी आशा लावली, पण २०४ वर संपलं. त्या दिवशी त्याची शेवटची कसोटी झाली हे कँटीनमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. पुढे ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर एमसीसीच्या द्विशताब्दी सामन्यात त्याने १८८ केले, ऑक्टोबरमध्ये नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३. टुकुटुकुवाल्या तरुणाने तेवढं एकदा शोधून पाहावं. आणि वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात डिफ्रेटसने त्याचा त्रिफळा उडवला, तो शेवट.

माझ्या एका भाच्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मामा, हरलेल्या सामन्यातला डाव कशाला आठवायचा? म्हटलं, मग चेन्नईचं काय? जानेवारी १९९९, पुन्हा पाकिस्तान, चौथा डाव, २७१ हव्या, सचिनची पाठ दुखतेय आणि तो १३६ वर बाद होतो. आपण १२ धावांनी हरलो. तो डाव त्याच्या पिढीला पाठ आहे, बोलताना अजून त्यांचे आवाज बदलतात. बदलू देत, डाव आहेच तसा. पण मग १६ धावांनी हरलेल्या बंगळूरचं काय पाप? माझ्या मते एवढंच, की तिथे चार धावा कमी पडल्या. १०० असते तर आपल्या चौकटीत पस्तिसावी ओळ आली असती आणि कुणीतरी विचारलं असतं, ही कसली? कर्नाटकवाल्यांचं याबाबतीत कौतुक वाटतं. गुंडाप्पा विश्वनाथचा १९७५ साली मद्रासला अँडी रॉबर्ट्ससमोरचा नाबाद ९७ त्यांनी विसरू दिला नाही. संघाच्या १९० धावांत ९७. विशीचं नाव काढलं की बंगळूरचा माणूस आधी तो डाव सांगतो, चौदा शतकं नंतर. विशी सुनीलचा मेहुणा, डावही त्याच जातीचा, पण आम्ही मुंबईकर आपले १०,१२२ धावा आणि ३४ शतकं घोकत बसतो.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या वर्षी १० जुलैला असं पान काढाल तेव्हा शतकांच्या चौकटीशेजारी बंगळूरच्या दुसऱ्या डावाचा पूर्ण धावफलक छापा. दोन्ही संघांच्या धावा, कोण कसा बाद, सगळं. वाचणाऱ्याला फक्त अझरुद्दीनच्या २६ वरून वर सुनीलच्या ९६ कडे नजर न्यायची आहे. आणि जमलं तर त्या काळी कांगा लीग खेळलेल्या दोघातिघांना ओल्या खेळपट्टीवर बॅट कशी धरायची ते विचारा. अशी माणसं अजून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी भेटतात.

माझ्या स्लिपांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तिसऱ्या पानावर डाव्या बाजूला चहाचा डाग आहे, त्याखालचे आकडे भिंगातून वाचता येतात. छापायच्या असतील तर जरूर छापा. मूळ स्लिपा मात्र मागू नका, त्या मी देणार नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी व स्कोअरर,
मुलुंड (पूर्व)